धानाच्या मुलखातील निर्दुग्ध पंगत

नागपुराहून पूर्वेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग सुमारे ६० किलोमीटर अंतर कापून भंडारा शहराशी येतो आणि तेथे वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र ओलांडून लाखनी-साकोलीच्या दिशेने पुढे जातो. एवढ्या थोड्या वाटेत मुलूख किती पालटतो याची साक्ष डोळ्यांना प्रथम पटते ती रस्त्याच्या दुतर्फा पसरलेल्या बांध्यांवरून. कापूस आणि संत्री मागे पडतात. पाणी अडवण्यासाठी चहूबाजूंनी धुरे घातलेली धानाची लहानलहान चौकोनी शेते सुरू होतात. आणि कार्तिक-मार्गशीर्षात येथून जाणाऱ्याला कापलेल्या धानाचे कडपे, त्यांची रचलेली पुंजणी, धुऱ्यांवर उभी असलेली तूर आणि मधूनच लकाकणारे तलावाचे पाणी असे एकच चित्र कोसच्या कोस दिसत राहते. जुन्या लोकांनी ज्याला झाडीपट्टी म्हटले तो हा प्रदेश. याच्या अरण्यांविषयी, नागझिरा आणि कोका येथील वन्यप्राण्यांविषयी प्रवासी पुष्कळ लिहितात. परंतु येथील ताटाविषयी, विशेषतः प्राणिज पदार्थ वर्ज्य केलेल्या माणसाला हे ताट कितपत पुरे पडते याविषयी, फारसे कोणी लिहीत नाही. त्या हेतूने हा जिल्हा हिंडून पाहावा, असे माझ्या मनात बरेच दिवस होते.

मांस, मत्स्य व अंडी यांच्याबरोबरच दूध, दही, ताक, लोणी, तूप आणि मधही न घेणारा जो पंथ आज व्हीगन या नावाने ओळखला जातो, त्याची संघटित सुरुवात १९४४ साली इंग्लंडात झाली. आपल्याकडे शाकाहाराची परंपरा हजारो वर्षांची असली, तरी तिने दुधातुपाला नेहमीच सात्त्विकतेचे अग्रस्थान दिले; त्यामुळे असा नेम घेतलेल्या माणसाला प्रवासात, आणि त्यातही खेड्यापाड्यांतून, उपाशी राहावे लागेल अशी सर्वसाधारण समजूत आहे. भंडारा जिल्ह्याचा अनुभव ही समजूत पार खोडून काढतो. हा जिल्हा शाकाहारी आहे असे मात्र कोणी समजू नये. तलावांच्या या प्रदेशात मासळी घरोघर शिजते, आणि ढीवर समाजाचा तर मासेमारी हा पिढीजात व्यवसायच आहे. तथापि धान पिकवणाऱ्या सामान्य रयतेच्या घरी गुरे राखली जात ती मुख्यतः नांगरासाठी व चिखलणीसाठी. दूधदुभते हा रोजच्या जेवणाचा आधार नव्हता, आणि तूप हा सणावाराचा जिन्नस होता. भात, धुऱ्यावरच्या तुरीचे वरण, बांधीतली भाजी, जवसाची चटणी आणि तेलाची फोडणी यांवर उभे राहिलेले हे जेवण कोणत्याही व्रतामुळे नव्हे, तर भूमीच्या स्वभावामुळे बहुतांशी निर्दुग्ध राहिले.

या भूमीच्या स्वभावाचे मूळ तिच्या तलावांत आहे. गोंड राजांच्या अमदानीत या भागात वसलेल्या कोहळी समाजाने भूपृष्ठाचा उतार पारखून, माती-दगडांच्या पाळी घालून शेकडो तलाव बांधले, आणि भाताला लागणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त गावोगाव केला. पुढे मध्यप्रांतात मालगुजारीची पद्धत रूढ झाल्यावर हे तलाव मालगुजारांच्या वहिवाटीत गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले, तरी गावकऱ्यांचे निस्ताराचे, म्हणजे वापराचे, हक्क दप्तरी कायम राहिले आणि माजी मालगुजारी या शब्दांवरून पडलेले मामा तलाव हे त्यांचे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. भंडारा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्राचा झाला, आणि १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा त्यातून वेगळा निघाला. अनेक प्रख्यात तलाव त्या वाटणीत तिकडे गेले, पण इकडेही जे उरले ते थोडे नाहीत. तलाव म्हणजे केवळ सिंचन नव्हे. त्याच्या पाण्यात शिंगाडा पिकतो, कमळाचे देठ व कंद मिळतात, काठाच्या ओलाव्यावर धोपा, अर्थात अळू, माजतो, आणि पाळीखालच्या बांध्यांत भाताच्या पाठोपाठ कडधान्य येते.

लाखनीच्या पुढे आडवाटेने गेल्यावर अशाच एका तलावात शिंगाड्याची तोडणी चाललेली मला जवळून पाहावयास मिळाली. कमरेइतक्या पाण्यात उतरलेला एक वयस्क गृहस्थ अरुंद लाकडी डोंगा शेजारी तरंगत ठेवून वेलीमागून वेल हाताळीत होता. शिंगाड्याची पाने पाण्यावर वर्तुळाकार पसरतात आणि फळे त्यांच्या खाली, पाण्यात लोंबतात. तो ते वर्तुळ एका हाताने उलटे करी, त्याच्या तळाशी धरलेली हिरवी-तांबूस, दोन्ही बाजूंना शिंगे असलेली फळे दुसऱ्या हाताने खुडून डोंग्यात टाकी, आणि वेल दुखावू नये अशा बेताने ते वर्तुळ पुन्हा पाण्यावर सोडी. काठावर त्याच्या घरच्या बाया मोठ्या गंजात ती फळे मीठ घालून उकडीत होत्या. उकडल्यावर सालीचा रंग काळा पडतो आणि विळ्याने ती दुभागली म्हणजे आतून पांढराशुभ्र, किंचित गोड, पिठूळ गर निघतो. तलावातील फळे कच्ची न खाता स्वच्छ धुऊन, उकडूनच खावीत, हे प्रवाशाने ध्यानात ठेवावे. साचलेल्या पाण्यातील जंतूंची बाधा त्यामुळे टळते. उपवासाच्या दिवशी शहरात महागड्या पिठाच्या रूपाने भेटणारे हे फळ येथे द्रोणात, गरमागरम, अल्प किमतीत मिळते. आणि मूठभर भाजलेले फल्लीदाणे जोडीला घेतले, की एका वेळच्या न्याहारीची तजवीज होते.

शहरे आणि हमरस्ता यांचा प्रकार निराळा. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथील उपाहारगृहांत सकाळी मिळणारे तर्री-पोहे हा निर्दुग्ध प्रवाशाचा सर्वांत भरवशाचा आधार होय. पोहे आणि त्यांवर ओतलेली हरभऱ्याची तिखट, झणझणीत तर्री यांत दुधाचा अंश नसतो. पाटोडीचा रस्सा, झुणका-भाकर, कोथिंबिरीची, म्हणजे इकडच्या भाषेत सांबाराची, वडी, आलू-वांग्याची भाजी, पोपटाच्या किंवा बरबटीच्या शेंगांची भाजी हे पदार्थही सामान्यतः तेलातच होतात. अडचण येते ती दुसऱ्याच ठिकाणी. डाळीला फोडणी देताना लोण्याचा गोळा टाकणे, पोळीवर न विचारता तूप फिरवणे, रश्शाला दाटपणा आणण्यासाठी साय घालणे ही हमरस्त्यावरची नवी रीत आहे, आणि सावजी पद्धतीच्या खानावळीत मटणाच्या रश्शाचाच डाव भाजीच्या पातेल्यात जाण्याचा संभव असतो. अशा वेळी पंथाचे नाव सांगून किंवा तत्त्वज्ञान विशद करून काही साधत नाही. दूध, दही, ताक, तूप, लोणी, खवा अशी वस्तूंची नावे एकामागून एक घ्यावीत आणि यांपैकी काहीच नको, तेल चालेल, असे शांतपणे सांगावे. आचारी बहुधा समजून घेतो. चहाच्या ठिकाणी लिंबू पिळलेला कोरा चहा मागावा. बिस्किटांत बहुधा दुधाची भुकटी असते, म्हणून त्यांवर विसंबू नये. पिशवीत मुरमुरे, फुटाणे, फल्लीदाणे, गुळाचा खडा आणि डबीत जवसाची चटणी असली, की भंडारा रोडच्या फलाटावर, म्हणजे वरठीला, किंवा तुमसर रोडला गाडीची कितीही वाट पाहावी लागली, तरी चिंता नाही.

परंतु या जिल्ह्याची खरी ओळख होते ती खानावळीत नव्हे, घरात. लाखनी तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबात मी उतरलो होतो. मी तूप घेत नाही हे ऐकून घरातील मावशींना प्रथम वाईटच वाटले. पाहुण्याच्या भातावर तूप न पडणे म्हणजे त्याचा मान न राखणे, ही भावना आपल्या समाजात किती खोल आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटले होते. "तूप नाई घेत, त भातावर का घालू मंग, भाऊ?" असे त्यांनी विचारले. "फोडणीचे तेल घाला, मावशी," असे म्हणताच त्यांची मुद्रा उजळली, कारण तेल घालून वाढण्याचा मानाचा पदार्थ त्यांच्या हातात होताच. तो म्हणजे वडाभात. विदर्भात लग्नाकार्यात आणि देवकार्यात होणारा हा पदार्थ पोषणाच्या दृष्टीने आणि चवीच्या दृष्टीनेही कोणत्याही तुपाळ पक्वान्नाच्या तोडीचा आहे, आणि तो करण्याची रीत मी चुलीपुढे बसून बारकाईने पाहिली.

हरभऱ्याची डाळ अधिक, तूर आणि मूग तिच्याहून कमी, आणि उडीद अगदी थोडा, अशा मिश्र डाळी चार-पाच तास भिजवून, पाणी पुरते निथळून, त्या जाडसर वाटायच्या. वाटण गुळगुळीत झाले की वडा चिवट होतो. त्यात हिरवी मिरची, अद्रक, जिरे, हळद, मीठ आणि भरपूर सांबार कालवून तळहातावर चपटे वडे थापायचे आणि मध्यम आचेवर, आतपर्यंत शिजतील अशा धीराने, तळायचे. दुसरीकडे भात मोकळा शिजवलेला असतो. पळीत तेल कडकडीत तापवून त्यात मोहरी, हिंग आणि सुक्या लाल मिरच्या घालतात. शेजारच्या भिवापुराकडची मिरची मिळाली तर रंग आणि तिखटपणा दोन्ही साधतात. पानात वाफाळता भात वाढला, त्यावर दोन वडे हाताने कुस्करले आणि वरून ती चुरचुरणारी फोडणी ओतली, की हिंगाचा दरवळ ओसरीपर्यंत पोहोचतो. परंपरेने सोबत कढी असते. माझ्यासाठी मावशींनी भेद्र्यांचे, म्हणजे टोमॅटोचे, चिंच घातलेले पातळ सार केले. त्या आंबट-तिखट साराने कढीची उणीव तिळमात्र जाणवू दिली नाही.

त्या दिवशीचा भात चिन्नोरचा होता. भंडाऱ्याच्या या सुगंधी तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; परंतु तयार होण्यास अधिक दिवस घेणारे आणि उतारा कमी देणारे हे वाण नफ्याच्या हिशेबात मागे पडत गेले आहे. भाताला स्वतःचा सुवास असला, म्हणजे त्यावर बाहेरून काही ओतण्याची निकड राहत नाही. तुमसरची धानाची बाजारपेठ मोठी आणि जुनी आहे. तेथून तांदूळ विकत घेणाऱ्याने शक्य असल्यास कमी पॉलिश केलेला तांदूळ मागून घ्यावा. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हापासून त्याचे काम पाहणाऱ्या गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी हातसडीच्या तांदळाचा जो आग्रह धरला, त्यामागे खेड्यातील रोजगाराइतकेच पोषणाचेही कारण होते. कोंड्याबरोबर ब जीवनसत्त्वाचा मोठा अंश फुकट जातो, आणि ज्याच्या ताटात प्राणिज पदार्थ नाहीत, त्याने तर हा अंश मुळीच वाया घालवू नये.

भाताबरोबर या मातीत येणारे दुसरे धान्य म्हणजे लाखोळी हे कडधान्य. धान कापणीला येण्याच्या सुमारास, उभ्या पिकातच, ओलाव्यावर लाखोळीचे बी फेकून देतात. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही, धान निघाले की त्याच बांधीत हे पीक वर येते. उतेरा म्हणतात ती पद्धत हीच. कोवळ्या शेंड्यांची भाजी लसूण-मिरचीवर परतून खातात, आणि उन्हाळ्यासाठी ती वाळवूनही ठेवतात. डाळीची कथा मात्र गंभीर आहे. दुष्काळात दुसरे काही नसताना महिनोन्महिने केवळ हीच डाळ खाणाऱ्यांना पायांचा लुळेपणा आल्याचे आढळले होते. त्या कारणाने १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी आली. ती उठावी म्हणून नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी दीर्घकाळ लढा दिला, आणि दुसरीकडे कृषिशास्त्रज्ञांनी विषारी अंश अत्यल्प असलेली रतन, प्रतीक यांसारखी वाणे तयार केली. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकावे, पुन्हा भरपूर पाण्यात उकळून तेही टाकावे, आणि ती इतर धान्यांच्या सोबतीने, बेताने खावी. एकाच पदार्थावर देह पोसू नये, हा आहारशास्त्राचा पहिला नियम या एका डाळीने जितक्या कठोरपणे शिकवला, तितका क्वचितच दुसऱ्या कशाने शिकवला असेल.

ऋतू बदलला, की रानाकडचे ताटही बदलते. पावसाळ्याच्या आरंभी तरोट्याची कोवळी पाने, पुढे कळकाचे कोंब म्हणजे वास्ते, वारुळांजवळ उगवणारी अळंबी. हिवाळ्यात पोपट-वांग्याची भाजी. चैत्रात पहाटे वेचलेली मोहफुले, जी वाळवून, तीळ घालून कुटली, की साखरेवाचून गोड असा पौष्टिक लाडू होतो. आंबाडीची आंबट भाजी तर वर्षातील बराच काळ सोबत करते. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि येथून भांडे घेऊन जाण्याचा मोह प्रवाशाला होणे स्वाभाविक आहे. मात्र आंबाडी, चिंच, टोमॅटो असे आंबट पदार्थ कल्हईवाचून पितळेत शिजवू नयेत. आंबटाने धातू उतरतो आणि अन्न कळकते.

या प्रदेशाला अहिंसेचा विचार परका नाही. वैनगंगेकाठी पवनी येथे जगन्नाथ टेकडीच्या उत्खननात १९६९-७० च्या सुमारास प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष प्रकाशात आले. पारध्यांनी पाठलाग केलेल्या सशाला चक्रधरस्वामींनी अभय दिल्याची लीळा महानुभावांनी जपली, आणि स्वामींच्या शिष्यांपैकी निळभट्ट भांडारेकार हे तर नावानेच भंडारा नगराशी जोडलेले आहेत. अलीकडचा आणि सर्वांत बोलका दाखला महात्मा गांधींचा. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. पुढे १९१८-१९ च्या दुर्धर आजारात कस्तुरबांच्या आणि वैद्यांच्या आग्रहावरून शेळीचे दूध घेतले, आणि व्रत मोडले नसले तरी त्याचा आत्मा दुखावला, ही खंत त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने नोंदवली. विदर्भात आल्यावरही त्यांचा शोध थांबला नाही. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचे प्रयोग केले. गांधींसारख्या दृढनिश्चयी पुरुषाला जे साधले नाही, ते आज सामान्य माणसाला साधू शकते, याचे एक कारण म्हणजे त्या काळी अज्ञात असलेले ब-१२ जीवनसत्त्व आज माहीत झाले आहे. ते वनस्पतींपासून भरवशाने मिळत नाही. रानभाजी, आंबवलेले पीठ, शिळा भात यांपैकी कशावरही विसंबून न राहता, वैद्याच्या सल्ल्याने त्याची गोळी घ्यावी. इतकी खबरदारी घेतली, की निर्दुग्ध आहार निर्धास्तपणे पाळता येतो.

प्रवासातून परतल्यावर हेच ताट घरी मांडणे मुळीच कठीण नाही. तुपाच्या जागी हिंग-मोहरीची फोडणी, ताकाच्या जागी चिंच, लिंबू किंवा आंबाडी, सायीच्या जागी तीळ व फल्लीदाण्यांचा कूट, एवढे तीन पालट केले म्हणजे निम्मे काम होते. घाईच्या सकाळी जाडसर कणीक तेलाच्या फोडणीत, कांद्याबरोबर खमंग भाजून, त्यावर चिंचेचे कोमट पाणी शिंपडून वाफ आणली, की थोड्याच वेळात उकडपेंडी तयार होते. तांदळाच्या पिठात पाणी आणि गूळ, किंवा मीठ-मिरची, घालून तव्यावर पातळ आयते टाकले, तर मुले आनंदाने खातात. जवस भाजून, लसूण, तिखट व मीठ घालून कुटावे. अख्खे जवस पोटातून तसेच निघून जातात, कुटल्यावरच त्यांतील हितकारक स्निग्धांश अंगी लागतो. वरणभातावर लिंबू पिळले, की डाळीतील व पालेभाजीतील लोह शरीर अधिक सहज घेते. तीळ आणि पालेभाज्या यांतून चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, पुरवठा होतो. यांपैकी कशासाठीही दूरच्या दुकानातून महागडी डबाबंद वस्तू आणावी लागत नाही.

मात्र एक गोष्ट मनावर ठसवून घेतली पाहिजे. हे ताट कोणा एका स्वयंपाकघराचे नाही. ते तलावाच्या पाळीचे, धुऱ्यावरच्या तुरीचे, उतेऱ्याच्या ओलाव्याचे आणि मोहाच्या झाडाचे आहे. गाळाने भरलेल्या तलावात शिंगाडा येत नाही, चिन्नोरला भाव मिळाला नाही तर तो पेरला जात नाही, आणि रान विरळ झाले तर तरोटा-वास्त्यांची ओळख पुढच्या पिढीला राहत नाही. म्हणून ज्याने जीवदयेच्या बुद्धीने दूध-तूप सोडले, त्याची जबाबदारी ते सोडण्यापाशी संपत नाही. ज्या मातीने त्याला त्यांच्यावाचून पोटभर जेवू घातले, तिचे पाणी आणि तिचे बियाणे टिकवणाऱ्यांच्या हातून त्याने धान्य विकत घ्यावे, योग्य मोल द्यावे, आणि आपल्या मुलांना या पदार्थांची नावे व चव शिकवावी. भंडारा जिल्ह्यात हिंडताना मिळालेला हा धडा, माझ्या मते, त्या ताटातील कोणत्याही पदार्थापेक्षा अधिक काळ जपण्यासारखा आहे.